आमच्या लेबर रूममधलं दोन दिवसांचं सिम्युलेशन ट्रेनिंग: पाचपैकी चार

मी मिरजेतल्या एका ५० खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात लेबर रूमची इन्चार्ज सिस्टर आहे. नोकरीला १९ वर्षं झाली. राहायला सांगलीत, विश्रामबागेत. जुलैमध्ये आमच्याकडे दोन दिवसांचं सिम्युलेशन ट्रेनिंग झालं. पुण्याहून तिघं आले होते: एक भूलतज्ज्ञ मॅडम, एक नर्सिंग ट्यूटर आणि लॅपटॉपवरून बाहुली चालवणारा एक टेक्निशियन मुलगा. दोन दिवसांचे ४५ हजार घेतले, राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. तेव्हापासून ओळखीच्या सिस्टर्सचे फोन चालू आहेत, ‘कसं होतं गं, आमच्या सरांना सांगू का बोलवायला?’ प्रत्येकीला थोडं थोडं सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते.

बोलवा. पण बोलवण्याआधी काही गोष्टी ठरवून घ्या, त्या ओघात येतीलच.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: खऱ्या पेशंटऐवजी बाहुली किंवा पेशंटची भूमिका करणारी व्यक्ती असते. बाकी सगळं खरं. खोली आपली, ट्रॉली आपली, माणसं आपली. प्रसंग उभा करतात, आपण नेहमीसारखं काम करायचं, त्याचं व्हिडिओ शूटिंग होतं आणि मग सगळ्यांनी गोल बसून बोलायचं. सीपीआरचे, म्हणजे हृदय थांबलं तर छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचे, क्लास मी आधी चार-पाच केले होते. त्यात सिस्टर्सचा क्लास वेगळा, डॉक्टरांचा वेगळा. इथे डॉक्टर, सिस्टर, ओटी टेक्निशियन, फार्मसीचा मुलगा, मावशी (वॉर्डातल्या मदतनीस बायका), सगळे एकाच प्रसंगात. हा फरक किती मोठा आहे हे मला पहिल्या रात्री कळलं.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, मिरजेतच केलं. हे डॉक्टरांचं गाव. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून अथणी, रायबाग, चिकोडी, जत, कवठेमहांकाळ, सगळीकडचे पेशंट मिरजेला येतात. इतकं वैद्यकीय शिक्षण या गावात चालतं, पण शिकत असताना मेडिकलची मुलं आम्हाला फक्त वॉर्डात दिसायची. एक वर्ग, एक लेक्चर, एक प्रॅक्टिकल कधी त्यांच्याबरोबर झालं नाही. त्यांना आम्ही काय शिकतो ते माहीत नाही, आम्हाला ते काय शिकतात ते माहीत नाही, आणि नोकरी लागली की त्याच दिवसापासून एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहायचं. ट्यूटर मॅडमनी सांगितलं, जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली याच विषयावर एक आराखडा काढला. त्याचं सार असं की वेगवेगळ्या पेशांच्या लोकांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकायचं. हे तीन शब्द मी वहीत लिहून घेतले.

सुरुवात मात्र मला आवडली नाही. शनिवारी सकाळी पाऊण तास इंग्रजीतल्या स्लाइड्स. त्यात १९९९ सालच्या अमेरिकेतल्या अहवालाचा आकडा होता, तिथल्या हॉस्पिटलांत चुकांमुळे वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसं दगावत असावीत असा. आकडा मोठा आहे, गंभीर आहे. पण मागच्या रांगेत बसलेल्या आमच्या चार मावशींना त्यातलं अक्षर कळलं नाही, आणि त्यांना कळत नाहीये हे कुणी बघितलंही नाही. दुसरी रात्रपाळी करून आल्यासारख्या त्या बसून होत्या.

त्यातल्या एकाच गोष्टीपाशी सगळे जागे झाले. १९७७ साली टेनेरिफ नावाच्या बेटावर दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच धडकली आणि ५८३ माणसं गेली. दाट धुकं होतं. एका विमानाने उड्डाणासाठी धावायला सुरुवात केली, तेव्हा त्याच विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, दुसरं विमान अजून बाजूला झालं नाहीये का? कॅप्टनने ‘झालंय’ म्हटलं. कॅप्टन अनुभवी, मोठ्या नावाचा. इंजिनिअर पुढे बोलला नाही. असल्या अपघातांनंतर विमान कंपन्यांनी कॅप्टनला एकट्याला शिकवण्याऐवजी सगळ्या क्रूला एकत्र शिकवायला सुरुवात केली, आणि तिथूनच हे भूलशास्त्रात आणि मग बाकीच्या वैद्यकीत आलं. आमचे भूलवाले सर त्या वेळी मोबाइल बघत होते. ‘पुढे बोलला नाही’ या वाक्याला त्यांनी मोबाइल खिशात ठेवला, हे मी पाहिलं.

मग बाहुली. सीपीआरची ती जुनी बाहुली आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. १९६० साली नॉर्वेमधल्या लेर्डाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्याने ती तयार केली. तिचा चेहरा पॅरिसच्या नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला असं सांगतात. मॅडमनी हे सांगितल्यावर आमच्या सगळ्यांत जुन्या मावशी, २४ वर्षं याच हॉस्पिटलात आहेत, पुढे आल्या आणि त्यांनी बाहुलीच्या कपाळावरून हात फिरवला. ‘कुणाची लेक म्हनायची ही,’ एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी जे काँप्रेशन, म्हणजे छातीवरचे दाब, दिले ते खोलीतले सगळ्यांत चांगले होते. मिनिटाला १०० ते १२० आणि पाच-सहा सेंटिमीटर खोल, हे यंत्रावर दिसतं. दोन मिनिटं पूर्ण केली आणि हात बदलायच्या वेळी स्वतःहून ‘बदला’ म्हणाल्या. आमचे दोन आरएमओ (हॉस्पिटलातले ड्युटी डॉक्टर) दोन मिनिटांच्या आतच थकून उथळ द्यायला लागले होते, पण बदली कुणी मागितली नाही.

खरं काम रात्री झालं. मी आधीच अट घातली होती की एक प्रसंग तरी नाइट ड्युटीच्या स्टाफबरोबर, रात्रीच व्हायला हवा. बाळंतपणं रात्रीच जास्त अंगावर येतात, आणि रात्रीच हॉस्पिटलात माणसं कमी असतात. ट्रेनर लगेच तयार झाले, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. लेबर रूममधलं एक टेबल सरावाला दिलं, दुसरं खऱ्या पेशंटसाठी राखून ठेवलं. ‘खरा पेशंट’ असं कुणीही ओरडलं की सराव जिथल्या तिथे थांबवायचा, हे ठरलं होतं. सरावाच्या सगळ्या अँप्यूल (इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या) पाण्याच्या, प्रत्येकीवर लाल स्टिकर, सुरुवातीला मोजून दिल्या आणि शेवटी मोजून परत घेतल्या. इन्चार्ज म्हणून माझा जीव या एका गोष्टीत अडकला होता. तुम्ही कुणालाही बोलावलंत तर ही मोजणी स्वतः उभं राहून करून घ्या. सरावाची अँप्यूल खऱ्या ट्रॉलीत राहिली तर काय होईल हे सांगायला नको.

पेशंटची भूमिका करायला त्यांनी सांगलीतल्याच एक हौशी नाटकवाल्या बाई आणल्या होत्या. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक केलं ते आमच्या सांगलीत. नाट्यपंढरीत अशी माणसं शोधावी लागत नाहीत. जिवंत माणसाला पेशंट करून शिकवायची ही पद्धत १९६३ साली अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज नावाच्या डॉक्टरांनी सुरू केली म्हणे, पण त्या बाईंना बघून वाटलं, ही आमच्याच मातीतली गोष्ट आहे. त्यांच्या पोटावर एक मोठी पिशवीसारखी वस्तू बांधली होती. तिच्यात रबरी बाळ, वार, आणि लाल पाणी. गर्भपिशवी घट्ट करायची की सैल सोडायची आणि रक्त किती सोडायचं हे बाईंच्या हातात. वरून गाऊन घातला की बघणाऱ्याला काही कळत नाही.

प्रसंग असा: अथणीकडची बाई, दुसरं बाळंतपण, बाळ झालं, वार पडली, आणि ब्लीडिंग थांबेना. बाई फक्त कन्नड बोलणारी. त्या नाटकवाल्या बाईंचं माहेर विजापूरकडचं, त्यामुळे त्यांची कन्नड अस्सल.

खोलीत आरएमओ सर, मी, एक नवी सिस्टर, ओटी टेक्निशियन, आणि दारापाशी आमच्या त्याच मावशी, लाल पाणी पुसायला फडकं घेऊन. मावशींना त्यासाठीच बोलावलं होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे त्याचंच महत्त्व आहे.

आपलं काम आपल्याला येतं, असं मला वाटत होतं. पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचं जादा ब्लीडिंग, मी शेकड्यांनी नाही, पण डझनांनी पाहिलेत. मी पोट चोळायला घेतलं, आरएमओ सर खाली बघत होते, सलाईन चालू होतं. सर म्हणाले, ‘कोणीतरी ऑक्सिटोसिन लावा.’ (गर्भपिशवी आवळणारं औषध.) मग, ‘कोणीतरी मोठ्या सरांना फोन करा.’ मग, ‘कोणीतरी दुसरी लाइन घ्या.’ व्हिडिओत आम्ही नंतर मोजलं. सात मिनिटांत ‘कोणीतरी’ हा शब्द अकरा वेळा आला. त्यातला चार वेळा माझ्या तोंडून. ऑक्सिटोसिन लावायला दोघी धावल्या. फोन कुणीच केला नाही. नव्या सिस्टरला वाटलं मी करतेय, मला वाटलं टेक्निशियन करतोय.

ऑक्सिटोसिनचीही गंमत नव्हती, शोकांतिका होती. बाळ झाल्यावर द्यायचं १० युनिटचं इंजेक्शन ट्रेवर होतं. ड्रिपसाठीचा जादा साठा खालच्या मजल्यावर फार्मसीच्या फ्रिजमध्ये. ते औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, म्हणून तिथे. रात्री नऊनंतर फार्मसी बंद, चावी कॅज्युअल्टीच्या काउंटरवर, आणि काउंटरवरचा मुलगा चहाला गेलेला. ट्रेनरनी बजावलं होतं, ‘आणलं असं समजा’ चालणार नाही, खरोखर जाऊन आणायचं. स्टॉपवॉच लावलेलं. ६ मिनिटं २० सेकंद. ही व्यवस्था आमच्याकडे वर्षानुवर्षं चालू होती आणि मी इन्चार्ज असून मला ती कधी खुपली नव्हती, कारण दिवसा ती दीड मिनिटाची असते.

मग रक्त. सरांनी विचारलं, ‘किती गेलं असेल?’ मी अंदाजाने म्हटलं, तीनशे. ट्यूटर मॅडमनी नंतर सगळी पॅड आणि खालचं कापड वजनकाट्यावर ठेवलं, कोरड्याचं वजन वजा केलं. ८४० ग्रॅम. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. ५०० च्या वर गेलं की पीपीएच म्हणायचं, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. पण डोळ्यांनी मी निम्म्याहून कमी पाहिलं होतं.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

प्रसंग संपल्यावर आम्ही गोल बसलो. खरं ट्रेनिंग इथे असतं, बाहुलीत नाही. ट्यूटर मॅडमची पद्धत अशी की ‘का नाही केलं’ असं त्या विचारतच नाहीत. ‘त्या वेळी तुमच्या मनात काय चाललं होतं?’ असं विचारतात आणि मग गप्प बसतात. त्यांनी व्हिडिओ तिसऱ्या मिनिटाला थांबवला. टेबलावरची बाई हळू आवाजात कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटते आहे. आरएमओ सर मान वर करून म्हणतात, ‘काय म्हणतेय ही?’ आणि कुणी उत्तर देत नाही. सर पुन्हा खाली बघतात. बीपी आम्ही घेतलं ते नवव्या मिनिटाला. तोवर ते ८० वर आलं होतं.

मॅडमनी विचारलं, ‘खोलीत कन्नड कुणाला येतं?’

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग दारापाशी फडकं घेऊन उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, ‘मला येतंय की. माझं म्हायेर जत तालुक्यातलं. ती म्हनत हुती, डोकं गरगरतंय, डोळ्याम्होरं अंधारी येतीया.’

‘मग तुम्ही सांगितलं का नाही?’ हे मीच विचारलं, आणि विचारताक्षणी मला माझाच आवाज नको वाटला.

‘मला कुनी इचारलंच न्हाई, सिस्टर. डॉक्टरांनी तुमास्नी इचारलं. मंदीच कसं बोलायचं?’

तिसऱ्या मिनिटाला पेशंट काय सांगते हे त्या खोलीत एका माणसाला कळलं होतं. सहा मिनिटं ते तिच्यापाशीच राहिलं. इतक्या वर्षांत ही बाई माझ्या किती पेशंटच्या उशाशी उभी राहिली असेल, आणि त्यातलं किती मी ऐकून घेतलं असेल? खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मॅडमनीही बोलायची घाई केली नाही. शेवटी आरएमओ सर उठले, मावशींच्या जवळ गेले आणि म्हणाले, ‘मावशी, चूक माझी. उद्यापासून मी तुम्हाला नाव घेऊन विचारणार.’ वयाने ते त्यांच्या मुलाएवढे. मावशींनी फडक्याचं टोक डोळ्याला लावलं.

दुसऱ्या दिवशी मावशी फडकं घेऊन दारात नव्हत्या, टेबलाच्या डोक्याशी होत्या. पेशंट काय बोलते ते मोठ्याने सांगायचं आणि पॅड भिजलं की आकडा बोलायचा, एवढं काम त्यांच्याकडे. हा बदल ट्यूटर मॅडमनी रात्रीतून केला, याचं मला कौतुक आहे. पण पहिल्याच दिवशी तो त्यांच्या आराखड्यात का नव्हता, ही माझी तक्रारही आहे. टीम म्हणजे फक्त डॉक्टर आणि नर्स, असं धरून जी मंडळी येतात त्यांना दारातच सांगा की आमच्याकडे टीम त्याहून मोठी आहे.

रविवारी सकाळी आमचे मोठे सर, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञ, स्वतः उतरले. या वेळच्या पेशंटचं बीपी १५०/१०० होतं, केसपेपरवर स्पष्ट लिहिलेलं. ब्लीडिंग सुरू झालं आणि सरांनी मेथर्जिन मागितलं, तेही गर्भपिशवी आवळणारं औषध. बीपी वाढलेल्या बाईला मेथर्जिन द्यायचं नसतं, बीपी आणखी चढतं. नवी सिस्टर, लागून जेमतेम वर्ष झालेली, अँप्यूल हातात घेऊन थबकली. व्हिडिओत तिचा हात दिसतो. अँप्यूलची मान अंगठ्याखाली, आणि अंगठा हलत नाही. ती म्हणाली, ‘सर, बीपी...’ सर म्हणाले, ‘हो, लवकर.’ तिने अँप्यूल फोडली.

गोलात बसल्यावर ती रडवेली झाली होती. तिला वाटलं, सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सरांनी जे सांगितलं ते मी अक्षरशः लिहिते: ‘तू बोललीस ते मला ऐकू आलं. मला वाटलं तू बीपी घ्यायला जातेयस, म्हणून मी लवकर म्हणालो. केसपेपर मीही वाचला होता, आणि त्या क्षणी डोक्यात फक्त ब्लीडिंग होतं. तू वाक्य पुरं केलं असतंस तर मी थांबलो असतो.’

अर्धं वाक्य. आम्ही सगळ्या सिस्टर्स अशीच वाक्यं बोलतो. ‘सर, बीपी...’, ‘मॅडम, पल्स जरा...’, ‘सर, ते युरिन...’ पुढचं समोरच्याने ओळखायचं. उद्धटपणा वाटू नये म्हणून आवाज खाली जातो आणि क्रियापद गिळलं जातं.

मी हे चांगलं जाणते. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी दुसऱ्या गावात, दुसऱ्या हॉस्पिटलात होते. रात्री एका बाळंतिणीची पल्स १३० लागली. मी डॉक्टरांना म्हटलं, ‘सर, पल्स जरा...’ ते म्हणाले, ‘बघतो.’ मी केसपेपर भरायला बसले. पाऊण तासाने धावपळ झाली. पहाटे अँब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलात नेलं. ती वाचली, पण गर्भपिशवी काढावी लागली. २१ वर्षांची होती. मी पुरतं बोलले असते तर पिशवी वाचली असती की नाही हे कुणीही सांगू शकणार नाही. पण ‘हिची पल्स १३० आहे, पोट मऊ लागतंय, आत्ता येऊन बघा’ हे वाक्य माझ्याकडे त्या रात्री तयार होतं, आणि मी त्यातले दोन शब्द बोलले. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या गोलात सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं.

त्यावरचा उपाय ट्रेनरनी दिला तो साधा आहे. अमेरिकेत २००६ साली टीमवर्कचा एक शिक्षणक्रम निघाला, त्यातल्या तीन पायऱ्या. इंग्रजीत त्या आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही त्या मराठीत केल्या आणि मोठ्याने म्हटल्या. ‘सर, मला काळजी वाटतेय.’ नाही ऐकलं तर, ‘सर, मला हे बरोबर वाटत नाही.’ तरी नाही तर, ‘सर, थांबा, पेशंटला धोका आहे.’ आणि प्रत्येक वेळी कारण आकड्यासकट. नव्या सिस्टरने तेच दृश्य पुन्हा केलं. ‘सर, हिचं बीपी १५०/१०० आहे, मेथर्जिन नको.’ एका दमात. सर थांबले. ‘बरोबर. ट्रॅनेक्झॅमिक एक ग्रॅम काढ.’ (ब्लीडिंग कमी करणारं औषध.) ‘ट्रॅनेक्झॅमिक एक ग्रॅम काढते, सर.’ ‘दिलं, सर, अकरा वाजून चार मिनिटांनी सुरू.’ सांगितलेलं परत म्हणायचं आणि झालं की ‘झालं’ सांगायचं, हेही तेव्हाच बसलं.

फोनचा सराव सगळ्या सिस्टर्सनी करावा असा आहे. रात्री अडीचला मोठ्या सरांना घरी फोन लावायचा. माझा पहिला फोन: ‘सर, त्या दुपारच्या पेशंटला जरा ब्लीडिंग वाटतंय.’ सर झोपेत ‘बरं, लक्ष ठेवा’ म्हणणार, यात त्यांचा काय दोष? मग चार टप्प्यांत बोलायला शिकवलं: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, मला काय हवंय. ही रीत मुळात अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधली. चारांपैकी तिसऱ्या टप्प्याला आम्ही सगळ्याच अडखळलो. ‘मला काय वाटतं’ हे सिस्टरने म्हणायचं? निदान डॉक्टरांनी करायचं, हेच आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. मॅडम म्हणाल्या, निदान नका करू, काय दिसतंय आणि कशाची भीती वाटते ते सांगा. चौथ्या वेळी माझं जमलं: ‘सर, मी लेबर रूममधून बोलतेय. दुपारच्या बाळंतिणीचं ६०० गेलंय, मोजून. पल्स ११८, बीपी ९०. आधीचं सिझर आहे. मला वाटतं पीपीएच आहे आणि वाढतोय. तुम्ही लगेच या, आणि रक्त मागवू का ते आत्ताच सांगा.’ वीस सेकंद लागतात.

आता ज्यासाठी मी एक तारा कापला ते. शनिवारी दुपारचं गोल बसणं अर्ध्यावर राहिलं. ओपीडी भरली म्हणून दोन डॉक्टर उठून गेले. चूक आमचीही, पण ट्रेनरनी त्यांना थांबवायला हवं होतं किंवा तो प्रसंगच पुढे ढकलायला हवा होता. नुसता प्रसंग करून, चुका दाखवून माणसं मोकळी सोडली तर ती दुखावलेली परत जातात. दुसरं, सर्टिफिकेट. डॉक्टर, नर्स, टेक्निशियन यांनाच छापून आलेली. मावशींसाठी आणि अँब्युलन्सच्या ड्रायव्हरसाठी त्यांच्या फॉर्ममध्ये रकानाच नाही. मी लेखी मागणी केली, तीन आठवड्यांनी कुरिअरने आली. मावशींनी त्यांचं फ्रेम करून घरी लावलंय, गणपतीच्या फोटोशेजारी. तिसरं, दोन महिन्यांनी परत येऊन बघणं पैशांत धरलेलं नव्हतं. ते आधीच ठरवून लिहून घ्या, नाहीतर शिकलेलं नव्या स्टाफपर्यंत पोचत नाही. नर्सिंगचा स्टाफ किती भरभर बदलतो हे तुम्हाला सांगायला नको.

व्हिडिओबद्दल सगळ्यांना धास्ती होती. आधी सही घेतली, रविवारी संध्याकाळी आमच्यासमोर लॅपटॉपवरून पुसून टाकला. ही त्यांची बाजू स्वच्छ आहे.

आमच्याकडे काय बदललं? लेबर रूममध्ये छोटा फ्रिज आला, ऑक्सिटोसिन आता हाताशी आहे. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा आणला, कोरड्या पॅडचं वजन भिंतीवर लिहून ठेवलं. ट्रॅनेक्झॅमिक पीपीएचच्या ट्रेमध्ये गेलं. ते तीन तासांच्या आत द्यायचं असतं, शोधण्यात वेळ घालवून चालत नाही. ‘कोणीतरी’ म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, ‘कोण?’ मोठ्या सरांनाही विचारतात. ऑगस्टमध्ये, नदीचं पाणी चढलेलं असताना, जतहून एक बाई रात्री आली. बाळ झालं, आणि दहाव्या मिनिटाला मावशींचा आवाज आला, ‘सिस्टर, दुसरं पॅड भिजलं, आन् ती म्हनतीया अंधारी येतीय.’ मी काट्याकडे वळायच्या आधी आरएमओ सर म्हणाले, ‘मावशी, अजून काय म्हणते विचारा.’ बाई चौथ्या दिवशी बाळाला घेऊन घरी गेली.

बोलवणाऱ्यांसाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी. ओटीची लिस्ट नसलेला दिवस निवडा. स्लाइड्स मराठीत मागा, त्यांच्या ट्यूटर मॅडम उत्तम मराठी बोलतात. मालक डॉक्टर स्वतः प्रसंगात उतरणार असतील तरच पैसे भरा. लाल पाण्याचे डाग गाऊनवरून जात नाहीत, जुने गाऊन काढून ठेवा.

आमचं पुढचं सत्र दिवाळीनंतर ठरलंय. गेल्या वेळी ब्लड बँकेचा फोन पडद्यामागून टेक्निशियन मुलानेच उचलला होता, पहिल्याच रिंगला, आणि दोन पिशव्या लगेच ‘मिळाल्या’. या खेपेला फोन खऱ्या ब्लड बँकेला लावायचा, त्यांना आधी कल्पना देऊन, आणि अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने खरोखर तिथे जाऊन यायचं, घड्याळ लावून. हे मी त्यांना कागदावर लिहून दिलंय. ड्रायव्हरनेच सुचवलं होतं ते.